परिवलन, भोवरा, आवर्तन : फिरत्या दंडगोलामागील प्रवाहाच्या वर्णनाची चिकित्सा

१

शास्त्रीय मराठीची चर्चा निघाली की ती बहुधा एकाच वादाभोवती घोटाळत राहते. परिभाषा संस्कृतनिष्ठ असावी की बोलीतून उचललेली असावी, इंग्रजी शब्द तसेच ठेवावेत की त्यांना प्रतिशब्द घडवावेत, हा तो वाद होय. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि ह्या वादात शब्द सुटा घेतला जातो. तो ज्या वाक्यात बसणार त्या वाक्याचे क्रियापद, त्या क्रियापदाचा कर्ता आणि त्यातून सूचित होणारे कार्यकारण ह्यांचा विचार मागे पडतो. वस्तुतः शास्त्रीय लेखनाची कसोटी कोशात लागत नाही, वाक्यात लागते. शब्द शुद्ध आणि सुबोध असूनही वाक्य असत्य असू शकते. आणि वाक्य असत्य असेल तर विद्यार्थ्याच्या मनात जे रुजते त्याची दुरुस्ती पुढे समीकरणांनीही सहजासहजी होत नाही.

ह्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे एक प्रकरण द्रायुयामिकीत आहे. द्रव आणि वायू ह्या दोहोंना मिळून ‘द्रायू’ हा जोडशब्द मराठी विश्वकोशाने वापरला, आणि तो मराठी परिभाषेच्या यशस्वी शब्दांपैकी एक मानावयास हरकत नाही. एकसारख्या वेगाने वाहणाऱ्या द्रायूत एक दंडगोल आडवा धरला असता त्याच्यामागे काय घडते, आणि तोच दंडगोल स्वतःच्या अक्षाभोवती फिरवला असता त्यात कोणता पालट होतो, हा तो प्रश्न होय. ह्या प्रश्नाचे प्राथमिक उत्तर सामान्यतः तीन वाक्यांत दिले जाते. पहिले : दंडगोल आपल्यामागे आळीपाळीने भोवरे सोडतो. दुसरे : दंडगोलाची फिरत ही क्रिया दाबून टाकते. तिसरे : फिरत वाढवीत नेल्यास प्रवाहाशी काटकोनात लागणारे बल वाढते, परंतु त्यास एक कमाल मर्यादा आहे.

तिन्ही वाक्ये सुटसुटीत आहेत. त्यांत अवघड शब्द नाही. व्याकरणाचा दोष नाही. असे असूनही तिन्ही वाक्ये सदोष आहेत, आणि त्यांचा दोष गणिताचा नसून भाषेचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

२

प्रथम न फिरणाऱ्या दंडगोलाचा विचार करू. येथे घटनेचे स्वरूप ठरविणारी राशी म्हणजे रेनॉल्ड्स अंक. प्रवाहाचा वेग आणि दंडगोलाचा व्यास ह्यांच्या गुणाकारास द्रायूच्या गतिज श्यानतेने भागले म्हणजे तो अंक मिळतो. तो फार लहान असताना प्रवाह दंडगोलाला वळसा घालून मागे पुन्हा मिळतो. सुमारे ५ च्या पुढे दंडगोलाच्या पाठीशी दोन सममित भोवरे दिसू लागतात. ते जागच्या जागी फिरत राहतात, वाहून जात नाहीत. अंक सुमारे ४७ च्या पुढे गेला की ही सममिती टिकत नाही. मागचा प्रवाहपट्टा डोलू लागतो आणि एकदा ह्या बाजूचा, एकदा त्या बाजूचा असे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे भोवरे सुटून प्रवाहाबरोबर दूर जातात.

ह्या सुटण्याला ताल आहे. सुटण्याची वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग ह्या राशीस स्ट्रोहाल अंक म्हणतात, आणि रेनॉल्ड्स अंकाच्या फार मोठ्या पल्ल्यात तो ०.२ च्या आसपास राहतो. २ मिलिमीटर जाडीच्या तारेवरून सेकंदाला १० मीटर वेगाने वारा वाहिला तर दर सेकंदास सुमारे १,००० आवर्तने होतात. ताणलेल्या तारा वाऱ्यात गुणगुणतात त्याचे कारण हेच.

आता प्रश्न असा की हे भोवरे कोण सोडतो? ‘दंडगोल भोवरे सोडतो’ ह्या वाक्यात दंडगोल हा कर्ता आहे. झाड पाने गाळते किंवा साप कात टाकतो त्याप्रमाणे दंडगोल काहीतरी टाकतो, असे चित्र त्यातून उभे राहते. मूळ इंग्रजी ‘शेडिंग’ ह्या शब्दातही हेच चित्र आहे. मराठी वाक्याने ते तपासून न घेता उचलले, एवढेच.

हे चित्र केवळ वाचकाचीच नव्हे, तर संशोधकाचीही कशी दिशाभूल करते ह्याचा एक बोलका प्रसंग थिओडोर फॉन कारमान ह्यांनी वायुगतिकीच्या इतिहासावरील आपल्या १९५४ च्या पुस्तकात नमूद केला आहे. गटिंगेन येथे लुडविग प्रांटल ह्यांचे एक विद्यार्थी हीमेन्त्स हे पाण्याच्या पाटात दंडगोल धरून त्याच्या पृष्ठभागावरील दाब मोजीत होते. प्रवाह स्थिर राहीना. तो सतत डोले. तेव्हा दोष दंडगोलाच्या आकारात असावा असे ठरले आणि दंडगोल पुनःपुन्हा घासून नेमका गोल करण्यात आला. डोलणे थांबले नाही. मग पाट सममित नसावा म्हणून तो नीट करण्यात आला. तरीही डोलणे थांबले नाही. कारमान ह्यांना ह्या हट्टी डोलण्यातच स्वतंत्र कारण दिसले, आणि १९११–१२ मध्ये त्यांनी भोवऱ्यांच्या दोन ओळींचे गणित मांडले. भोवरे समोरासमोर असले तर ती रचना टिकत नाही. ते आळीपाळीने असले आणि दोन ओळींतील अंतर व एकाच ओळीतील लागोपाठच्या दोन भोवऱ्यांतील अंतर ह्यांचे गुणोत्तर ०.२८१ असले तरच ती टिकते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ह्या प्रसंगाचे मर्म असे की जोवर दंडगोल कर्ता मानला जात होता तोवर दुरुस्ती दंडगोलाचीच होत राहिली. डोलणे हा प्रवाहाचा स्वतःचा धर्म आहे हे ध्यानात येण्यास कर्ता बदलावा लागला. आजचे स्थैर्यशास्त्र हेच अधिक काटेकोरपणे सांगते. ४७ च्या पुढेही सममित, स्थिर प्रवाह हे समीकरणांचे उत्तर असतेच. ते नाहीसे होत नाही. मात्र त्या उत्तरात कितीही सूक्ष्म क्षोभ झाला तरी तो विझण्याऐवजी वाढत जातो आणि अखेर नियमित दोलनात स्थिरावतो. दंडगोल हा ह्या घटनेचे निमित्त आहे, तिची अट आहे, कर्ता नव्हे.

मराठीला हा भेद सांगण्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. सुटणे–सोडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे अशा अकर्मक–सकर्मक धातूंच्या जोड्या तिच्यात मुळातच आहेत. ह्यांतील अकर्मक रूप हे कर्मणी प्रयोगाहून भिन्न असते. ‘भोवरे सोडले जातात’ असे म्हटले तरी सोडणारा कोणी पडद्याआड उभा आहे अशी अपेक्षा राहते. ‘भोवरे सुटतात’ म्हटले की ती अपेक्षाच उरत नाही. इंग्रजीतील सकर्मक शब्दापुढे थबकलेल्या लेखकाने मराठी धातूकडे पाहिले असते तर अधिक खरे वाक्य त्याला आयतेच मिळाले असते.

कारण म्हणून चुकीची गोष्ट नावात जाऊन बसण्याची उदाहरणे ह्या विषयात आणखीही आहेत. स्ट्रोहाल ह्यांनी १८७८ साली तारांचा हा नाद मोजला, तेव्हा त्यांनी त्याला जर्मनमध्ये ‘घर्षणस्वर’ ह्या अर्थाचे नाव दिले. मोजमाप टिकले, नाव गेले. कारण नाद घर्षणाचा नव्हता, भोवऱ्यांच्या आवर्तनाचा होता. उलट प्रकारचे उदाहरण अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पुलाचे. ७ नोव्हेंबर १९४० रोजी तो कोसळला, आणि सुटणाऱ्या भोवऱ्यांनी तो पाडला असे अनेक पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले. १९९१ साली बिल्ला आणि स्कॅनलन ह्यांनी दाखवून दिले की त्या वाऱ्यात भोवरे सुटण्याची वारंवारता सेकंदास सुमारे १ होती, तर पुलाचे पिळवटणे सेकंदास सुमारे ०.२ ह्या वारंवारतेने चालले होते; पुलाच्या स्वतःच्या हालचालीतूनच त्या हालचालीला बळ मिळत गेले होते. भोवऱ्यांना एकदा कर्तेपण बहाल केले की ते असे कुठेही वापरले जाते.

३

दुसऱ्या वाक्याकडे वळण्यापूर्वी ‘भोवरा’ ह्या शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे. कारण दंडगोल फिरू लागला की हा शब्द अडचणीत येतो.

मराठीत भोवरा म्हणजे नदीच्या पात्रात गरगरणारे पाणी. भोवरा म्हणजे दोरी गुंडाळून फेकावयाचे मुलांचे खेळणे. आणि डोक्यावरील केसांचे वळण म्हणजेही भोवराच. भोवळ आणि भोवंडणे हे त्याचेच भाऊबंद, आणि सर्वांच्या मुळाशी संस्कृत ‘भ्रम्’ धातू आहे. लोकव्यवहारात ह्या अनेकार्थाने कोणाचे अडत नाही, कारण नदी आणि अंगण ही दोन स्थळे कधी एकत्र येत नाहीत. फिरत्या दंडगोलाच्या प्रश्नात मात्र ती एकत्र येतात. येथे एक घन पदार्थ खेळण्यातल्या भोवऱ्यासारखा फिरतो आहे आणि त्याच्यामागे पाण्यातले भोवरे सुटत आहेत किंवा सुटेनासे झाले आहेत. एकच शब्द दोहोंना लागू असल्यामुळे वाचकाच्या मनात सहजच असा समज उत्पन्न होतो की एक भोवरा दुसऱ्या भोवऱ्यांना जन्म देत आहे. दंडगोल फिरतो म्हणूनच पाणी फिरते. वस्तुस्थिती ह्याच्या नेमकी उलट आहे. दंडगोल मुळीच फिरत नसताना भोवरे उत्तम तालात सुटतात, आणि तो पुरेशा वेगाने फिरू लागला की ते सुटणे प्रथम थांबते.

ह्या अडचणीतून सुटण्यासाठी दोन पर्याय सुचविले जातात. एक ‘आवर्त’, दुसरा हिंदी परिभाषेत आढळणारा ‘भ्रमिल’. दोन्ही संस्कृत असल्यामुळे खेळण्याची आठवण त्यांतून येत नाही, हा त्यांचा गुण. परंतु ‘आवर्त’ शब्दाला मराठीत दुसरीच एक सवय जडली आहे. मूलद्रव्यांची आवर्त सारणी, तबल्यातील तालाचे आवर्तन, कालव्याला ठरावीक दिवसांनी सुटणारे पाण्याचे आवर्तन — ह्या सर्वांत अर्थ फिरण्याचा नसून पुन्हा पुन्हा येण्याचा आहे. आणि प्रस्तुत प्रश्नात ठरावीक काळाने पुन्हा घडणे हीदेखील एक स्वतंत्र गोष्ट आहे. तेव्हा भोवऱ्याला आवर्त म्हटले तर पहिला घोटाळा मिटतो आणि दुसरा सुरू होतो. ‘भ्रमिल’ हा शब्द तर मराठी कानाला भ्रमिष्टाच्या शेजारी जाऊन बसल्यासारखा वाटतो. तो समजावून सांगावा लागतो, ऐकून समजत नाही.

विचारान्ती असे दिसते की येथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना मराठीत रूढ शब्द उपलब्ध आहेत. घन पदार्थाने स्वतःच्या अक्षाभोवती फिरणे ही पहिली. शाळेच्या भूगोलात पृथ्वीच्या दैनिक गतीस ‘परिवलन’ आणि वार्षिक गतीस ‘परिभ्रमण’ म्हणतात. हा भेद सर्वांस लहानपणापासून ठाऊक असतो. दंडगोलाच्या फिरण्यास परिवलन म्हणावे. द्रायूने गरगरणे ही दुसरी. तिला ‘भोवरा’ हाच शब्द राहू द्यावा. एकच घटना ठरावीक काळाने पुन्हा घडणे ही तिसरी, ते ‘आवर्तन’. शब्दांची ही वाटणी पाळली की ‘दंडगोलाचे परिवलन वाढले आणि भोवऱ्यांचे आवर्तन थांबले’ हे वाक्य कोणताही घोटाळा न होता लिहिता येते.

‘भोवरा’ हा शब्द ठेवावा असे म्हणण्यास आणखी एक कारण आहे. भोवरा नेमका कशास म्हणावे ह्याची सर्वमान्य गणिती व्याख्या अद्याप शास्त्रातही झालेली नाही. १९९५ साली जेओंग आणि हुसेन ह्यांनी ह्याच प्रश्नावर प्रबंध लिहून एक निकष सुचविला, आणि त्याच्या बरोबरीने इतरही निकष वापरात आहेत. द्रायूच्या प्रत्येक कणाच्या ठायी असलेली स्थानिक फिरत मात्र नेमकी मोजता येते. ती वेगळी राशी होय आणि तिला वेगळा पारिभाषिक शब्द हवा. पाहिल्याबरोबर ओळखू येणारे पण व्याख्येत न सापडणारे जे रूप, त्याला लोकांनी पाहूनच ठेवलेले नाव शोभते. घडीव शब्द मोजण्याच्या राशीसाठी राखून ठेवावा.

नावांच्या ह्या चर्चेत एक गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे. आळीपाळीच्या भोवऱ्यांच्या त्या दोन ओळींस इंग्रजीत कारमान ह्यांच्या नावाची ‘स्ट्रीट’ म्हणतात. परंतु फ्रान्समधील आन्री बेनार ह्यांनी त्यांचे निरीक्षण १९०८ मध्येच प्रसिद्ध केले होते आणि अग्रमानाबद्दल त्यांची तक्रार होती. त्यावर कारमान ह्यांनी अशी तडजोड सुचविली की लंडन आणि बर्लिन येथे जी कारमान स्ट्रीट, ती पॅरिसमध्ये बेनार ह्यांच्या नावाची आव्हेन्यू समजावी. हा विनोद उत्तमच. तथापि रस्ता कोणाच्याही नावाचा असला तरी त्या नावात घटनेच्या कारणाविषयी काहीच नाही, आणि हे त्या नावाचे भाग्य होय.

४

आता दुसरे वाक्य : दंडगोलाची फिरत भोवऱ्यांची क्रिया दाबून टाकते.

येथे प्रमाण राशी म्हणजे दंडगोलाच्या पृष्ठभागाचा वेग भागिले प्रवाहाचा वेग. तिला परिवलन-गुणोत्तर म्हणता येईल. दंडगोल फिरू लागला की त्याची एक कड प्रवाहाबरोबर आणि दुसरी प्रवाहाविरुद्ध जाऊ लागते. बरोबर जाणाऱ्या कडेवर पृष्ठभागालगतचा सीमास्तर अधिक दूरपर्यंत चिकटून राहतो. विरुद्ध कडेवर तो लवकर सुटतो. मागचा पट्टा एका बाजूस कलतो, अरुंद होतो, आणि दोन बाजूंची बरोबरी मोडते. ज्या दोन थरांच्या आळीपाळीच्या देवघेवीतून भोवरे सुटत होते ती देवघेव परिवलन वाढेल तसतशी क्षीण होत जाते.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संजय मित्तल आणि भास्कर कुमार ह्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ही घटना रेनॉल्ड्स अंक २०० धरून, परिवलन-गुणोत्तर ० पासून ५ पर्यंत वाढवीत, द्विमितीय गणनेने तपासली. गुणोत्तर १.९१ होईपर्यंत भोवरे सुटत राहतात. त्यानंतर प्रवाह स्थिर होतो. येथवर ‘दाबून टाकते’ हे वर्णन चालण्यासारखे आहे. परंतु गुणोत्तर ४.३४ च्या पुढे गेले की प्रवाह पुन्हा अस्थिर होतो, ४.७० पर्यंत अस्थिर राहतो, आणि त्यानंतर पुन्हा स्थिर होतो. ह्या दुसऱ्या पट्ट्यात भोवरे आळीपाळीने सुटत नाहीत. ते एकाच बाजूचे असतात, आणि त्यांचे आवर्तन पहिल्याच्या मानाने फारच संथ असते. फिरत बराच काळ साठत जाते, आणि मग एक भोवरा सुटतो. अशाच प्रकारचा नवा विधी श्टोयकोविच, ब्रॉयर आणि डुर्स्ट ह्यांच्याही त्याच सुमाराच्या गणनेत आढळला होता, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही एका बाजूने सुटणारे हे भोवरे दिसले.

ह्या निष्कर्षापुढे ‘दाबून टाकते’ हे क्रियापद उभे राहू शकत नाही. दाबणे ह्या क्रियेच्या अर्थातच एक चढता क्रम गृहीत आहे : जोर जितका अधिक, तितके दबणे अधिक. शिवाय दाबलेली गोष्ट खाली शिल्लक असते. जोर काढला की ती उसळते, जोर वाढविला म्हणून उसळत नाही. येथे तर जोर वाढविल्यावरच अस्थैर्य परत आले आहे, आणि परत आले ते पूर्वीच्या रूपात नव्हे. अर्थात जे थांबले तेच पुन्हा सुरू झाले असे नाही. एक विधी मावळला आणि पुढे दुसराच उगवला. एका क्रियापदाने हे दोन वेगळे विधी एकाच गोष्टीची कमीअधिक मात्रा ठरविले होते.

येथे असा आक्षेप संभवतो की जुन्या लेखकांना ४.३४ ते ४.७० हा पट्टा ठाऊकच नव्हता, तेव्हा त्यांच्या क्रियापदास दोष देणे अन्यायाचे आहे. आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. जे ठाऊक नाही ते न लिहिण्याबद्दल कोणास दोष देता येत नाही. परंतु जे ठाऊक नाही त्याविषयी काही सुचविणारे क्रियापद वापरण्याबद्दल तो देता येतो. ‘गुणोत्तर सुमारे २ च्या पुढे गेले असता भोवरे सुटेनासे होतात’ हे वाक्य १.९१ च्या आसपासच्या निरीक्षणास पुरेपूर न्याय देते आणि ४.३४ विषयी मौन पाळते. ‘फिरत भोवरे दाबते’ हे वाक्य मात्र ते मौन पाळत नाही. तपासलेल्या क्षेत्राच्या बाहेर जाऊन ते एक नियम प्रस्थापित करते. पहिले वाक्य नव्या ज्ञानानंतरही टिकले, दुसरे पडले. शास्त्रीय गद्यात क्रियापदाची निवड ही शैलीची बाब नव्हे असे म्हणतात ते ह्याच अर्थाने.

‘फिरता दंडगोल’ ह्या शब्दयोजनेतही असाच एक सूक्ष्म दोष आहे. फिरणे हे अकर्मक. त्यातून दंडगोल आपण होऊन फिरतो आहे असे भासते. वस्तुतः तो फिरवावा लागतो, आणि त्यासाठी शक्ती खर्चावी लागते. परिवलन वाढवावे तशी ही शक्ती झपाट्याने वाढत जाते, असे मित्तल आणि कुमार ह्यांनीही आवर्जून सांगितले आहे. भोवऱ्यांच्या बाबतीत अकर्मक क्रियापद खरे आणि सकर्मक खोटे. दंडगोलाच्या बाबतीत नेमके उलट. ‘फिरवलेल्या दंडगोलामागे सुटणारे भोवरे’ ही शब्दरचना शीर्षकास जड वाटेल, पण कोण कर्ता आहे आणि कोण नाही ह्याचा निवाडा ती चोख करते.

५

तिसरे वाक्य कमाल मर्यादेचे. परिवलन करणाऱ्या पदार्थावर प्रवाहाशी काटकोनात बल लागते. तोफेच्या गोळ्यांच्या बाजूस वळण्याचा अभ्यास करताना गुस्टाव माग्नुस ह्यांनी १८५२ मध्ये त्यावर प्रयोग केले, म्हणून त्या परिणामास त्यांचे नाव मिळाले. बेंजामिन रॉबिन्स ह्यांनी बंदुकीच्या गोळ्यांबाबत १७४२ मध्येच त्याचे विवेचन केले होते. आंटोन फ्लेटनर ह्यांनी ह्याच तत्त्वावर १९२४ साली ‘बुकाऊ’ हे जहाज सिद्ध केले. त्यावर शिडांऐवजी सुमारे १५ मीटर उंचीचे दोन फिरविले जाणारे दंडगोल उभे होते, आणि १९२६ मध्ये, ‘बाडेन-बाडेन’ ह्या नव्या नावाने, ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचले. ह्या बलास इंग्रजीत विमानविद्येतून आलेले ‘लिफ्ट’ हे नाव आहे. परंतु जहाजावर ते काहीच उचलत नाही, बाजूस ढकलते. म्हणून ‘पार्श्वबल’ हा शब्द अधिक योग्य.

जहाजाच्या ह्या प्रयोगानिमित्त प्रांटल ह्यांनी १९२५ मध्ये एक युक्तिवाद मांडला, तो असा. दंडगोलाभोवतीचे अभिसरण वाढावयाचे तर विरुद्ध दिशेची तितकीच फिरत मागच्या प्रवाहात सुटून जावी लागते. अभिसरण वाढता वाढता पृष्ठभागावरील दोन स्तब्धबिंदू एकमेकांस येऊन मिळतात. त्या क्षणापासून दंडगोल बंद प्रवाहरेषांनी वेढला जातो. काही सुटून जाण्यास वाट उरत नाही, तेव्हा अभिसरणही वाढू शकत नाही. ह्या अवस्थेत पार्श्वबलाचा अंक ४π, म्हणजे सुमारे १२.५७, इतका येतो. तत्कालीन मोजमापे ह्या मर्यादेच्या आतच राहिली होती.

युक्तिवाद देखणा आहे. भोवरे सुटणे आणि बल मिळणे ह्या दोन गोष्टी त्याने एका सूत्रात ओवल्या, हे त्याचे खरे मोल आणि ते आजही कमी झालेले नाही. परंतु ‘असे असे झाल्यास’ ह्या अटीवर उभा असलेला हा निष्कर्ष पुढच्या पुस्तकांत ‘प्रांटलची मर्यादा’ ह्या नामाने वावरू लागला, आणि नाम होताच त्याच्या अटी गळून पडल्या. ग्लाउर्ट ह्यांनी १९५७ मध्ये अतिशीघ्र परिवलनाचे जे गणित केले त्यात अभिसरण परिवलनाबरोबर वाढतच जाते. त्यास वरची मर्यादा नाही. श्यानतेमुळे फिरत बंद प्रवाहरेषा ओलांडून पसरू शकते, आणि सुटून जाणे हाच एक मार्ग आहे हे गृहीत तेथे ढळते. १९९३ साली कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेतील टोकुमारू आणि डिमोटाकिस ह्यांच्या मोजमापांत, आणि पुढे मित्तल व कुमार ह्यांच्या गणनेत, पार्श्वबल ४π च्या पलीकडे गेले.

तरीही ‘मर्यादा नाही’ असे उलट वाक्य लिहून मोकळे होणे हीदेखील तीच चूक होय. मित्तल ह्यांनीच २००४ मध्ये त्रिमितीय गणना करून दाखविले की रेनॉल्ड्स अंक २०० आणि गुणोत्तर ५ असताना, जेथे द्विमितीय प्रवाह स्थिर असतो तेथे, दंडगोलाच्या लांबीभर केंद्रोत्सारी अस्थैर्य उद्भवते. दंडगोलाची टोके आणि त्याच्या लांबी–व्यासाचे प्रमाण ह्यांचाही परिणाम होतो. आणि ह्या सर्वांमुळे पार्श्वबल घटते व रोध वाढतो. ‘स्थिर’ हा शब्दसुद्धा, म्हणजे, कोणत्या क्षोभाच्या संदर्भात स्थिर हे सांगितल्याखेरीज अपुरा आहे.

६

ह्या सर्व विवेचनावर एक मूलगामी आक्षेप घेता येईल. द्रायुयामिकीचे सत्य समीकरणांत आहे. समीकरणात कर्ता नसतो, क्रियापद नसते. तेव्हा गद्यातील वाक्यांची एवढी छाननी कशासाठी? समीकरणे ज्यांना अवगत आहेत त्यांच्यापुरता हा आक्षेप बरोबर आहे. परंतु समीकरण सोडविण्यापूर्वी कोणती गोष्ट स्थिर धरावयाची, कोणती बदलावयाची, आणि प्रयोग फसला तर दोष कोठे शोधावयाचा, हे प्रश्न माणूस आपल्या भाषेतच सोडवितो. दंडगोल पुनःपुन्हा घासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत समीकरणे नव्हती असे नाही. तेथे उणीव होती ती एका वेगळ्या वाक्याची.

मराठीतून विज्ञान शिकविणाऱ्यापुढील अडचणी पुष्कळ आहेत, आणि त्यांत शब्दांची टंचाई ही सर्वांत मोठी मानली जाते. प्रस्तुत उदाहरणापुरते पाहिले तर टंचाई दिसत नाही. परिवलन भूगोलाच्या पुस्तकात आहे, भोवरा नदीवर आहे, आवर्तन कालव्यावर आणि तबल्यावर आहे. सुटणे आणि सोडणे, फिरणे आणि फिरविणे ह्यांतील भेद तर शाळेत न गेलेलाही बिनचूक पाळतो. उणीव आहे ती हे साहित्य जागच्या जागी लावण्याची. इंग्रजी वाक्य समोर ठेवून त्याचा एकेक शब्द बदलीत गेले की त्या वाक्यातील कर्ता, त्यातील रूपक आणि त्यातील घाई ही तिन्ही अनुवादात तशीच उतरतात. आणि मराठीपाशी असलेली अधिक अचूक साधने न वापरता पडून राहतात.

आरंभीची तीन वाक्ये ह्या दृष्टीने पुन्हा लिहिली तर ती अशी होतील. एक : रेनॉल्ड्स अंक सुमारे ४७ च्या पुढे गेला असता दंडगोलामागील प्रवाह अस्थिर होतो आणि त्यातून आळीपाळीने भोवरे सुटतात. दोन : अंक २०० असताना दंडगोल फिरविला आणि परिवलन-गुणोत्तर १.९१ च्या पुढे नेले तर हे आवर्तन थांबते; ४.३४ ते ४.७० ह्या पट्ट्यात एका बाजूच्या भोवऱ्यांचे दुसरे, संथ आवर्तन सुरू होते. रेनॉल्ड्स अंक बदलल्यास ह्या सीमाही सरकतात. तीन : परिवलनाबरोबर पार्श्वबल वाढते, ४π ही मर्यादा प्रांटल ह्यांच्या गृहीतांपुरती आहे, आणि ती गृहीते जेथे ढळतात तेथे ती ओलांडली जाते.

ही वाक्ये पहिल्या तिघांहून लांब आहेत आणि पाठ करण्यास गैरसोयीची आहेत. तथापि परीक्षेत विद्यार्थ्याने ती लिहिली तर त्याने काय पाहिले आणि कोठवर पाहिले हे तपासनिसास कळेल. पहिल्या तीन वाक्यांवरून एवढेच कळते की त्याने ती पाठ केली होती.